टिपूला हरवलं कोणी?

के. आर. पुरमच्या झुलत्या पुलाखालच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या मराठी मंडळींसाठी थोडा इतिहास! टिपू सुलतानाविरुद्ध ब्रिटिश, मराठे आणि निजाम एकत्र आले होते. मार्च 1791 मध्ये ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस कोलार, होसकोटेमार्गे याच पूर्वेच्या बाजूने टिपूच्या ताब्यातल्या बेंगळुरूवर चालून आला. 21 मार्चला किल्ला पडला. के. आर. मार्केटजवळच्या किल्ल्यावरच्या पाटीत श्रेय फक्त ब्रिटिशांना. ते ठीकच, कारण त्या हल्ल्यात मराठे नव्हतेच. मराठा सरदार परशुरामभाऊ पटवर्धन तेव्हा धारवाडला वेढा घालून बसले होते.

खरी गंमत पुढे आहे. मे महिन्यात श्रीरंगपट्टणजवळ कॉर्नवॉलिसचे बैल मेले, धान्य संपलं, मोठ्या तोफा स्वतःच फोडून माघार घ्यावी लागली. तेवढ्यात मराठा सेनापती हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ फौजेसह मेलकोट्याजवळ त्याला येऊन भेटले. मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारात धान्य मुबलक होतं, फक्त भाव चढे!

शेवटी या युतीपुढे टिपू झुकला. मार्च 1792 च्या तहात त्याचं निम्मं राज्य गेलं, वर 3 कोटी 30 लाखांची खंडणी. मुलखाचे वाटे ईस्ट इंडिया कंपनी, पेशवे आणि निजाम यांच्यात सारखे झाले. मार्क्विस ही ब्रिटिश पदवी मात्र एकट्या कॉर्नवॉलिसला मिळाली.

मुलूख तिघांत वाटता आला, नाव नाही. पटतंय का? कमेंटमध्ये सांगा.

#मराठेशाही #बेंगळुरू