गाण्याचं बिल

1847 साली पॅरिसमध्ये एर्नेस्त बुर्जे हा गीतकार आपल्या संगीतकार मित्रांबरोबर शांझेलिझेवरच्या एका कॅफेत बसला होता. समोर वादक त्यांचीच गाणी वाजवत होते. बिल आलं, तेव्हा त्याने पैसे द्यायला साफ नकार दिला. तुम्ही माझं गाणं फुकट वापरता, मग तुमचं साखरपाणी मी विकत का घेऊ? प्रकरण कोर्टात गेलं. सार्वजनिक प्रयोगावर कर्त्याचा हक्क सांगणारा कायदा फ्रान्समध्ये 1791 पासून होता, पण तो नाटकवाल्यांचा असंच सगळे धरून चालले होते. बुर्जे जिंकला आणि 1851 मध्ये ‘सासेम’ ही वसुली करणारी संस्था उभी राहिली. दर कॅफेत जाऊन भांडायची गरज संपली.

न्यूयॉर्कमध्ये हेच भांडण संगीतकार व्हिक्टर हर्बर्टने शॅनलीच्या रेस्टॉरंटशी मांडलं. तिथे त्याच्या ‘स्वीटहार्ट्स’ या संगीतिकेतलं गाणं गायलं जाई. मालकाचा बचाव असा, की आम्ही तिकीट लावत नाही, लोक जेवायला येतात. खालच्या कोर्टांना तो पटलाही. 1917 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. होम्स यांनी थोडक्यात निकाल दिला: संगीतातून काही मिळत नसतं, तर मालकाने ते कधीच बंद केलं असतं. त्याची किंमत जेवणाच्या दरात धरलेलीच असते. इतका व्यवहारी युक्तिवाद कायद्याच्या पुस्तकांत क्वचितच सापडतो.

या दोन्ही ठिकाणी कोर्टाच्या दारात उभा राहिला तो गाणं रचणारा माणूस. आपल्याकडची गोष्ट इथे वेगळी होते.

गीतकार-संगीतकारांची ‘आयपीआरएस’ 1969 मध्ये निघाली. पण 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की निर्मात्याने पैसे देऊन करून घेतलेल्या चित्रपटसंगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. गायकाला तर कायद्यात स्थानच नाही, याबद्दल न्या. कृष्ण अय्यर यांनी निकालाला जोडलेल्या टिपणात खंत व्यक्त केली. खंतीवर घर चालत नाही. चाल बांधणारे आणि शब्द लिहिणारे एकरकमी मानधन घेऊन बाजूला होत राहिले, आणि त्यांची गाणी पुढची कित्येक वर्षं परमिट रूममध्ये वाजत राहिली.

2012 मध्ये कायदा बदलला. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरची रॉयल्टी गीतकार-संगीतकारांना आता कंपनीला लिहूनही देता येत नाही, फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येते.

तरी कोर्टात दिसतात त्या बहुधा रेकॉर्डिंगचे हक्क बाळगणाऱ्या कंपन्या. ध्वनिमुद्रणाचा परवाना वेगळा, शब्द आणि चालीचा वेगळा; ‘एकाला दिले, आता दुसऱ्याला कशाला?’ हा बारमालकाचा सवाल अगदीच खोटा नाही. जानेवारी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘पीपीएल’ आणि ‘नोव्हेक्स’ या अशाच दोन कंपन्यांना हक्कांचे मालक म्हणून परवाने देण्याची मुभा दिली. त्याच महिन्यात गोवा सरकारने लग्नसमारंभातल्या गाण्यांना परवानाशुल्क लागत नाही असं परिपत्रक काढलं. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्टमध्ये ते रद्द केलं. एप्रिल 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मुंबईपेक्षा वेगळी वाट धरली, आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

गोव्यातल्या त्या परिपत्रकाविरुद्ध दाद मागणारे कोण होते? ‘पीपीएल’ आणि एक कॅसेट कंपनी.