शुक्राणु-निष्कासनपूर्व हॉर्मोन चिकित्सा
रेतात शुक्राणू मुळीच नसलेल्या पुरुषाच्या वृषणातून ते शस्त्रक्रियेने काढण्यापूर्वी, त्यांची निर्मिती वाढावी म्हणून केलेली चिकित्सा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९८६ मध्ये परीक्षानलिका-बालक जन्मले, त्या पद्धतीत पुष्कळ शुक्राणू लागत. १९९२ मध्ये ब्रूसेल्सच्या वैज्ञानिकांनी अंडकोशिकेत एकच शुक्राणू टोचून गर्भधारणा झाल्याचे प्रसिद्ध केल्यावर वृषणातील मोजके शुक्राणूही उपयोगी ठरू लागले.

शुक्राणुमार्गात केवळ अडथळा असल्यास ही चिकित्सा लागत नाही. पोष ग्रंथीचे उद्दीपन अपुरे असल्यास मानवी कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन व पुटकोद्दीपक हॉर्मोन यांची अंतःक्षेपणे काही महिने दिल्यावर पुष्कळदा रेतातच शुक्राणू येतात आणि शस्त्रक्रिया टळते. वृषणच सदोष असल्यास क्लोमिफीन, लेट्रोझोल इ. औषधे देतात, मात्र त्यांनी शुक्राणू मिळण्याची शक्यता वाढते, हे निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागत असल्याने तीनएक महिन्यांपूर्वी परिणाम अजमावता येत नाही. म्हणून हिंगोलीसारख्या जिल्ह्यातून मोठ्या शहरी जाऊन खर्चात पडण्यापूर्वी रक्तातील हॉर्मोने मोजून कारण ठरविणे इष्ट होय. अपत्यहीनतेचा ठपका स्त्रीवर ठेवण्याच्या रूढीमुळे नेमकी हीच तपासणी लांबते. ‘शक्तिवर्धक’ म्हणून घेतलेले टेस्टोस्टेरोन तर पोष ग्रंथीचे उद्दीपन दडपून शुक्राणुनिर्मितीच थांबवू शकते.