न घडलेल्या गुन्ह्याचा पंचनामा होत नाही

वाचकहो, गणेशचतुर्थीची आदली रात्र डोळ्यांसमोर आणा. मालवण तालुक्यातले कुठलेही एक गाव घ्या. घराला नवा रंग लागला आहे, माटवीला नारळ, कवंडळे, आंब्याचे टाळे बांधून झाले आहेत, आणि मुंबईचे चाकरमानी पिशव्या सांभाळीत एसटीतून उतरत आहेत. ज्या घरात वर्षभर दोन म्हातारी माणसे दिसतात, तिथे आज वीस पाने मांडली जातात.

अशा भरल्या गावात एखादे घर असे असते, की तिथला कर्ता माणूस तासाभराच्या वाटेवर असूनही घरी नसतो. धाकटी पोर विचारते, "आये, बाबा कधी येतले?" आई म्हणते, "आरतीक येतले गो." तो येणार नाही हे तिला ठाऊक असते. कारण तो पोलीस आहे. खारेपाटणपासून बांद्यापर्यंत पसरलेल्या महामार्गावर कुठल्या तरी फाट्यावर तो विजेरी घेऊन पावसात उभा आहे.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या फाट्याबद्दल एक ओळही येत नाही. येणार तरी काय? तिथे काहीच घडले नाही. आणि काही घडू नये, हेच तर त्याचे काम होते!

खारबंधाऱ्यासारखे काम

गुन्हा घडल्यावर धावत येणारा पोलीस सर्वांना दिसतो. चोर सापडला तर त्याचे फोटो छापून येतात, न सापडला तर शिव्या मिळतात. परंतु गुन्हा घडूच नये म्हणून राबणारा पोलीस कोणाच्या नजरेत भरत नाही.

खाडीकाठच्या शेतकऱ्याला हे चटकन समजेल. आपल्याकडे खारबंधारा असतो. तो धड असला, की भरतीचे पाणी बाहेर राहते आणि आत भात पिकते. त्या बंधाऱ्याचे कोणी कौतुक करीत नाही. तो फुटला आणि खारे पाणी शेतात घुसले, की मग सगळे गाव गोळा होते. प्रतिबंधक पोलीसकाम हे असे आहे.

हे काम नेहमी बंदुकीचे नसते. पुष्कळ वेळा ते नुसते बसण्याचे असते. शिमग्याची पालखी आधी कोणाच्या दारी जावी यावरून दोन भावकींत तेढ आहे. सामायिक जमिनीतल्या वहिवाटीवरून कोयते निघायच्या बेतात आहेत. अशा वेळी बिटाचा हवालदार आधी एकाच्या खळ्यात जाऊन बसतो, मग दुसऱ्याच्या. चहा दोन्हीकडे घ्यावा लागतो, ऐकूनही दोघांचे घ्यावे लागते. समजुतीने भागले नाही तर नोटीस बजावतो, तहसीलदारांपुढे उभे करून शांतता राखण्याचे बंधपत्र घेववतो. पूर्वी ही कामे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०७, १४९ आणि १५१ या कलमांखाली होत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, आणि त्या जागी १२६, १६८ आणि १७० ही कलमे आली. आकडे बदलले, खळ्यातले बसणे तेच राहिले.

शिमगा शांततेत पार पडतो. दोन्ही भावकी मात्र म्हणतात, "हवालदार समोरच्याचा माणूस."

दोन नाके, दोन रात्री

एका साध्या नाकाबंदीवर काय अवलंबून असते, हे समजण्यासाठी आपला जिल्हा सोडून जरा उत्तरेकडे जाऊ.

९ जानेवारी १९९३ ची रात्र. रायगड जिल्ह्यात दिघीच्या किनाऱ्यावर चोरटा माल उतरला. चांदी होती, तिच्याबरोबर हत्यारेही होती. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी त्या मालमोटारी अडवल्या. नाका बरोबर जागी होता, वेळही बरोबर होती. पण तिथे लाचेचा सौदा झाला, हमी म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या, आणि मोटारी पुढे सोडल्या. पुढच्याच महिन्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत लागोपाठ स्फोट झाले आणि २५७ माणसे प्राणाला मुकली. त्या पोलिसांना पुढे न्यायालयाने शिक्षा दिल्या. पण गेलेली माणसे गेली ती गेलीच.

आता दुसरी रात्र पाहा. २६ नोव्हेंबर २००८. दहा अतिरेकी समुद्रातून मुंबईत शिरले. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ ते उतरले, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना पाहिले, हटकलेही. पुढच्या काही मिनिटांत शहरावर काय ओढवणार आहे, याची कल्पना कोणाला येणार? मध्यरात्रीनंतर गिरगाव चौपाटीवरच्या नाकाबंदीत त्यांतल्या दोघांची गाडी अडली. तिथे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे होते. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचा हा माणूस, आधी सैन्यात आणि मग पोलिसांत. हातात फक्त काठी. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेत ती सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला आणि कटाचा धागा हाती आला. २००९ साली ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

ओंबळे यांची ती रात्र सर्वांना ठाऊक आहे. पण वाचकहो, नाक्यावरच्या शंभरांतल्या नव्व्याण्णव रात्री नुसत्या गाड्या तपासण्यात जातात. शंभरावी कोणती, हे आधी कोणी सांगत नाही. म्हणून प्रत्येक रात्री तितकेच जागे राहावे लागते. या कामातला खरा शीण तो हाच.

सव्वाशे कोसांचा नसला, तरी लांबच किनारा

आपला सिंधुदुर्गचा किनारा विजयदुर्गच्या खाडीपासून तेरेखोलपर्यंत सुमारे १२० किलोमीटर. त्यावर विजयदुर्ग, देवगड, आचरा, मालवण, निवती, वेंगुर्ले अशी पोलीस ठाणी. मधे किती खाड्या, किती पुळणी, किती आडवाटा! २००८ नंतर गस्ती नौका वाढल्या, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली, "सागर कवच" नावाच्या कवायती सुरू झाल्या. पण नौकेवर चढणारा शिपाई पुष्कळदा घाटावरच्या शेतकऱ्याचा मुलगा असतो. त्याने समुद्र पाहिलेला असतो तो सहलीत. पहिल्या लाटेलाच त्याच्या पोटात ढवळते, तरी पाळी संपेपर्यंत त्याला नजर पाण्यावर ठेवावी लागते.

त्यात आपल्या माणसांचे आपसांतले तंटे. रापणवाले आणि पारंपरिक मच्छीमार एकीकडे, पर्ससीनच्या जाळ्यांनी मासे उपसणारे दुसरीकडे. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने विजेचे दिवे लावून होणाऱ्या मासेमारीला बंदी केली. कायदा राबवायचा तो मत्स्य खात्याने. पण बंदरावर दोन जमाव समोरासमोर आले, की मधे उभा राहतो पोलीस. दोन्ही बाजूंना पोटाचा प्रश्न आहे. आणि दोन्ही बाजूंना वाटते, की हा त्या बाजूचा. संध्याकाळी बाजारात त्याच्या बायकोला कोणी धड बोलत नाही, शाळेत त्याच्या मुलाला टोमणे ऐकावे लागतात.

याची किंमत कोण मोजतो?

२०१९ साली "कॉमन कॉज" आणि "लोकनीती" या संस्थांनी २१ राज्यांतल्या सुमारे १२ हजार पोलिसांची पाहणी प्रसिद्ध केली. सरासरी काम दिवसाला १४ तास. दोघांमागे एकाला आठवड्याची सुटी नाही. चारांतल्या तिघांनी सांगितले, की कामाच्या ओझ्याने तब्येत आणि मन दोन्ही बिघडते. पाहणी करणाऱ्यांनी पोलिसांच्या घरच्यांशीही बोलणे केले, हे विशेष. कारण पोलीस एकटा नोकरीला लागत नाही, त्याचे सारे घर लागते.

त्या घरात काय होते ते पाहा. जेवण झाकून ठेवायची सवय लागते. रक्तदाब, साखर, पाठदुखी यांची औषधे चाळिशीतच येतात. बदली झाली, की मुलांची शाळा बदलते. गावची शेती बायकोने किंवा म्हाताऱ्या वडिलांनी करायची. आणि जो माणूस दिवसभर प्रत्येकाकडे संशयाने पाहतो, त्याला घरी येऊन ती नजर खुंटीवर टांगून ठेवता येत नाही. मुलगी उशिरा आली तरी तो चौकशी करतो ती पोलिसासारखी.

गिरणी कामगारासारखा संप करण्याची सोय पोलिसाला नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतल्यावर शहरात दंगा उसळला आणि लष्कराला बोलवावे लागले. तो मार्ग कोणाच्याच हिताचा नव्हता. पण आतले दुःख बोलायला जागा नसली, की ते कुठून तरी फुटतेच.

सुधारणेचा मार्ग नाही असेही नाही. २०१६ साली मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, आणि तो कल्पिला होता एका शिपायाने. २०२१ मध्ये राज्यातल्या महिला पोलिसांसाठीही आठ तासांचा विचार पुढे आला. माणसे पुरेशी असतील तरच अशा पाळ्या टिकतात. भरतीची मागणी करताना आपण आपल्या मुलाच्या नोकरीचा विचार करतो, तसा आधीपासून खात्यात असलेल्यांच्या झोपेचाही करावा.

आपला वाटा

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रतिबंधक अधिकार हे दुधारी हत्यार आहे. कोणा पुढाऱ्याच्या सांगण्यावरून निरपराध माणसाला त्यात अडकवले, तर तो अन्यायच होय. गुन्हा टाळण्यासाठी अटक केलेल्याला अन्य कारण नसताना २४ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, हे प्रत्येक घरात माहीत असावे. पोलिसाच्या थकव्याची कीव करणे वेगळे आणि त्याच्या चुकीवर पांघरूण घालणे वेगळे. गोंडघर फाटा आपण विसरता कामा नये.

पण आपणही काही करू शकतो. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याने गावोगावी पोलीस पाटील नेमले जातात. त्यांना भांडणाची बातमी कोयते निघण्याआधी द्या, नंतर नव्हे. किनाऱ्यावरच्या गावांत सागर सुरक्षा दल आहेत, त्यांत तरुणांनी जावे. गाबीत घरातल्या म्हाताऱ्याला दुरून शीड पाहून होडी कोणाची ते कळते. ती नजर कुठल्याही यंत्राला नाही. अनोळखी होडी दिसली तर १०९३ किंवा ११२ ला कळवा, समुद्रात जीव संकटात असेल तर तटरक्षक दलाला १५५४ वर. खोटी निघाली बातमी, तर बिघडत नाही. दिलीच नाही, तर बिघडते.

आणि येत्या चतुर्थीला आणखी एक करा. गावातल्या ज्या घरचा माणूस बंदोबस्तावर आहे, त्या घरच्या आरतीला दोन माणसे जास्त जा. टाळ वाजवणारा एक हात तिथे कमी असतो. शक्य झाले तर पाच मोदक पानात बांधून फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला नेऊन द्या. तो बहुधा म्हणेल, "कशाक त्रास घेतलात?" पण घेईल.

त्या रात्री काही घडणार नाही, असेच आपण देवाजवळ मागू. आणि खरोखरच काही घडले नाही, तर ते कोणाच्या जागरणाने, हे निदान आपल्याला तरी ठाऊक असू द्या.