घटक ४ : महिला पाठशाळा : मातृभाषेतील उच्चशिक्षणाचा एक प्रयोग

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
• हिंगणे येथील महिला पाठशाळेच्या स्थापनेमागील पार्श्वभूमी सांगता येईल.
• मातृभाषेच्या माध्यमाचे समर्थन कोणत्या दोन युक्तिवादांवर उभे होते, हे स्पष्ट करता येईल.
• ‘गृहीतागमा’ व ‘प्रदेयागमा’ या संज्ञांची घडण उलगडून दाखवता येईल.
• भाषेची प्रतिष्ठा व पदवीची मान्यता यांचा परस्परसंबंध विशद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण भाषेची व्यवहारक्षेत्रे पाहिली. घर, बाजार, न्यायालय, शाळा या प्रत्येक क्षेत्रात कोणती भाषा वापरली जाते, यावरून समाजातील तिचे स्थान ठरते. उच्चशिक्षण हे अशा क्षेत्रांपैकी अत्यंत प्रतिष्ठेचे क्षेत्र होय. विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीला या क्षेत्रात जवळजवळ प्रवेशच नव्हता. तो प्रवेश मिळवून देण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न पुण्याजवळच्या एका छोट्या महिला महाविद्यालयात झाला. प्रस्तुत घटकात त्या महाविद्यालयाचा इतिहास आपण पाहणार आहोत.

अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रांत एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : “सर, आपण घरी बसून, मराठीतून शिकतो. ही पदवी इतरांच्या पदवीइतकीच खरी मानली जाते का?” हा प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी हिंगण्याच्या विद्यार्थिनींनाही तो सोडवावा लागला होता. म्हणून हा इतिहास तुम्ही केवळ परीक्षेपुरता वाचू नये, अशी अपेक्षा आहे.

४.२ पूर्वपीठिका

धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुडचे. १८९१ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करीत. त्याच वर्षी त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई निवर्तल्या. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. याच पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. या विवाहामुळे कर्व्यांना स्वतःच्या गावात बहिष्कार सोसावा लागला.

१८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. काही वर्षांतच आश्रम पुण्याबाहेर हिंगणे येथे गेला. महाविद्यालयातील तास संपवून कर्वे चालत हिंगण्याला जात आणि तेथील मुलींना शिकवीत. आश्रम विधवांसाठी होता. कुमारिका व सौभाग्यवती यांच्यासाठी १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले.

येथवर प्रश्न शालेय शिक्षणाचा होता. परंतु शाळा पुरी केलेल्या मुलीने पुढे काय करावे? मुंबई विद्यापीठाची दारे स्त्रियांना बंद नव्हती. काही मोजक्या स्त्रिया तेथून पदवीधरही झाल्या होत्या. मात्र तेथील शिक्षण इंग्रजीतून होते. बहुसंख्य मुलींना इंग्रजीचा सराव मिळत नसे आणि शिक्षणासाठी लाभणारी वर्षेही थोडी असत. अशा मुलींच्या दृष्टीने ती दारे उघडी असूनही उपयोगाची नव्हती.

४.३ पाठशाळेची स्थापना

जपानमध्ये १९०१ साली टोकियो येथे महिला विद्यापीठ स्थापन झाले होते. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली. जपानी मुली जपानी भाषेतून उच्चशिक्षण घेतात, ही गोष्ट त्यांच्या मनात ठसली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी आपल्या भाषणात स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची योजना मांडली.

पुढील वर्षी भारतवर्षीय महिला विद्यापीठ अस्तित्वात आले. रा. गो. भांडारकर हे त्याचे पहिले कुलपती व रँग्लर र. पु. परांजपे हे पहिले कुलगुरू झाले. ५ जुलै १९१६ रोजी हिंगणे येथे विद्यापीठाचे पहिले महाविद्यालय, म्हणजेच महिला पाठशाळा, सुरू झाले. विद्यार्थिनींची संख्या होती पाच.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. पुढे महाविद्यालय हिंगण्याहून पुण्यात एरंडवणे भागात आले, तर विद्यापीठाचे मुख्य कार्यालय १९३६ मध्ये मुंबईस गेले. गुजरातीतून शिकवणारी महाविद्यालयेही विद्यापीठाशी जोडली गेली.

येथे एक बाब तुम्ही विशेष लक्षात घ्यावी. ज्या स्त्रियांना महाविद्यालयात येणे शक्य नव्हते, त्यांना घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मुभा या विद्यापीठाने दिली. ‘दूरशिक्षण’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी त्यामागील विचार येथे व्यवहारात आला होता.

४.४ माध्यमाचा प्रश्न

पाठशाळेत मराठी हे शिक्षणाचे माध्यम होते आणि इंग्रजी हा एक आवश्यक विषय होता. माध्यम म्हणून भाषा आणि विषय म्हणून भाषा हा भेद आपल्या अभ्यासात महत्त्वाचा आहे. गांधीजींना मातृभाषेचे माध्यम मान्य होते, परंतु इंग्रजीची सक्ती मान्य नव्हती. कर्व्यांनी मात्र इंग्रजीचा विषय सोडला नाही.

मराठी माध्यमाच्या समर्थनार्थ मांडलेले युक्तिवाद दोन होते. ते एकत्र मांडले जात असले, तरी आपण ते वेगळे करून तपासू.

(अ) आकलनाचा युक्तिवाद : परभाषेतून शिकताना विद्यार्थ्याची शक्ती विषयापेक्षा भाषेवर अधिक खर्च होते. स्वभाषेतून शिकल्यास तोच विषय थोड्या वेळात व अधिक खोलवर समजतो.

(आ) भूमिकेचा युक्तिवाद : पत्नी व माता म्हणून स्त्रीचे कार्य पुरुषाहून वेगळे आहे, म्हणून तिचा अभ्यासक्रमही वेगळा असावा. या विचारानुसार अभ्यासक्रमात गृहशास्त्र, आरोग्यशास्त्र यांसारख्या विषयांना स्थान मिळाले.

पहिला युक्तिवाद भाषिक आहे आणि तो आजही टिकतो. दुसरा सामाजिक आहे. आज तो आपण जसाच्या तसा स्वीकारणार नाही. परंतु या दोहोंच्या एकत्र येण्याचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. आकलनाचा युक्तिवाद खरा असेल, तर तो मुलांनाही तितकाच लागू पडतो. प्रत्यक्षात मुलगे इंग्रजीतून शिकत राहिले आणि मराठी माध्यम केवळ मुलींच्या वाट्याला आले. त्यामुळे मराठीतून शिकणे म्हणजे कमी प्रतीचे, घरापुरते शिकणे, असा समज दृढ होण्यास वाव मिळाला. भाषेची प्रतिष्ठा ती बोलणाऱ्यांच्या सामाजिक स्थानावर अवलंबून असते, या तत्त्वाचे हे ठळक उदाहरण होय. १९१८ मध्ये हैदराबादला स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू माध्यम स्वीकारले, तेव्हा त्या प्रयोगामागे संस्थानाची राजसत्ता उभी होती. हिंगण्याच्या प्रयोगामागे असा आधार नव्हता.

४.५ पदव्यांची नावे

नव्या शिक्षणासाठी नव्या संज्ञा हव्या होत्या. विद्यापीठाने पदवीस ‘गृहीतागमा’ आणि त्यापुढील पदवीस ‘प्रदेयागमा’ असे नाव दिले.

‘आगम’ म्हणजे शास्त्र, विद्या. गृहीत म्हणजे ग्रहण केलेला. ज्या स्त्रीने विद्या ग्रहण केली आहे ती गृहीतागमा. प्रदेय म्हणजे देण्याजोगा. जिची विद्या इतरांना देण्याजोगी झाली आहे ती प्रदेयागमा. दोन्ही शब्द बहुव्रीही समास आहेत, आणि दोन्ही स्त्रीलिंगी आहेत. मराठीत ‘पदवीधर’ हा शब्द स्त्रीसाठी वापरला, तरी त्याच्या रूपातून स्त्रीचा बोध होत नाही. येथे मात्र पदवीच्या नावातच शिकलेली स्त्री उभी आहे. या संज्ञांची लघुरूपे ‘जी. ए.’ व ‘पी. ए.’ अशी रूढ झाली. मराठी व इंग्रजी दोन्हींत आद्याक्षरे जुळावीत, अशी ही रचना आहे.

या शब्दांतील क्रमही अर्थपूर्ण आहे : प्रथम घेणे, नंतर देणे. घरसंसाराच्या चौकटीतून मांडलेल्या अभ्यासक्रमाच्या मानाने पदव्यांची ही नावे अधिक धीट होती, असे म्हणावे लागते.

४.६ मान्यतेचा प्रश्न

विद्यापीठास वैधानिक दर्जा मिळण्यास १९५१ साल उजाडले. म्हणजे सुमारे पस्तीस वर्षे ‘जी. ए.’ झालेल्या स्त्रीच्या पदवीमागे कायद्याचा आधार नव्हता. सरकारी नोकरीच्या दृष्टीने तिची पदवी दुबळी ठरे. विद्या तीच, श्रम तेच. उणी होती ती मान्यता.

तरीही या विद्यार्थिनींनी काय केले, ते पाहा. बाळूताई खरे हिंगण्यास शिकल्या व याच विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. १९३३ मध्ये त्यांनी ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, अविवाहित स्त्रीच्या मनातील घालमेल त्यांनी इतक्या स्पष्टपणे मांडली, की महाराष्ट्रात वादळ उठले. या लेखिकेस आपण मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखतो. न. चिं. केळकरांच्या कन्या कमलाबाई देशपांडे बालवयात विधवा झाल्या, त्या ‘जी. ए.’ झाल्या आणि पुढे प्राग येथील विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. पत्नी व माता यांच्यासाठी आखलेल्या चौकटीत या दोघी मावल्या नाहीत. त्या चौकटीबाहेर पडताना त्यांना उपयोगी पडली ती मराठीतूनच मिळवलेली विद्या.

४.७ सारांश

महिला पाठशाळेने मराठीस उच्चशिक्षणाच्या क्षेत्रात आणले, मात्र ते एका मर्यादित वर्तुळात. तिच्या समर्थनातील भाषिक युक्तिवाद सबळ होता, सामाजिक युक्तिवाद काळाच्या मर्यादेत अडकलेला होता. मान्यता शासनाकडून उशिरा मिळाली. प्रतिष्ठा मात्र विद्यार्थिनींनी आपल्या कार्याने त्याआधीच मिळवली होती. आरंभी नोंदवलेल्या प्रश्नाचे उत्तर या इतिहासात आहे. आज तुमच्या पदवीला कायद्याची मान्यता आहे. हिंगण्याच्या विद्यार्थिनींना तेवढाही आधार नव्हता. पदवीपत्र विद्यापीठ देते, पण तिचा कस तुमच्या वाचनातून व लेखनातून लागतो.

४.८ स्वाध्याय

१. ‘माध्यम म्हणून भाषा’ आणि ‘विषय म्हणून भाषा’ यांतील भेद पाठशाळेच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘गृहीतागमा’ व ‘प्रदेयागमा’ या संज्ञांचा विग्रह करून त्यांचे अर्थवैशिष्ट्य सांगा.
३. मराठी माध्यम केवळ स्त्रियांपुरते राहिल्याने भाषेच्या प्रतिष्ठेवर कोणता परिणाम झाला असावा? तुमचे मत सकारण लिहा.
४. उपक्रम : तुमच्या कुटुंबातील किंवा परिचयातील एखाद्या ज्येष्ठ स्त्रीशी बोला. तिचे शिक्षण कोणत्या भाषेतून झाले, ते कोठे व का थांबले, याची नोंद तिच्याच शब्दांत सुमारे ३०० शब्दांत करा.