छातीच्या आधी नाकपुडी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तूप-हळदीनं बैलाचे खांदे शेकताना दोन मिनिटं त्याच्या तोंडासमोर थांबून बघा. वेसणीच्या दोन्ही बाजूंना ओल्या नाकपुड्या किंचित उघडतात, सैल पडतात. वर्षानुवर्षं गोठ्यात वावरणाऱ्याच्याही नजरेतून सुटावी इतकी ही हालचाल बारीक.

रामाकोन्यातला एखादा गवळाऊ बैल धरा. निवांत असताना मिनिटाला साधारण २५ श्वास. दिवसाचे झाले ३६ हजार, वर्षाचे १ कोटी ३० लाखांवर. वीस वर्षं जगला तर २६ कोटी! एका श्वासाला साडेतीन लिटर हवा धरली, तर रोज सव्वा लाख लिटर. दहा हजार लिटरचे बारा टँकर भरून वर उरेल इतकी.

हा ताल धरणारा पेशींचा पुंजका जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये उंदराच्या पिल्लांच्या मेंदूच्या देठात दाखवून दिला. उंदराच्या मेंदूत सुमारे २० कोटी चेतापेशी. त्यातल्या या जेमतेम काही हजार. श्वासाचा हुकूम तिथून दोन वाटांनी जातो. एक वाट मानेतून उतरून छाती-पोटामधल्या पडद्याकडे. दुसरी चेहऱ्याच्या नसेतून, कानाखालून गालावर येऊन नाकपुडीकडे.

आणि नाकपुडी आधी हलते. माणसात हे मोजलेलं आहे: हवा आत शिरण्याच्या सुमारे एक दशांश सेकंद आधीच नाकपुडीचे स्नायू ताणले जातात. छातीनं हवा ओढली की मऊ नाकपुडी आत चिकटायला बघते; म्हणून दार आधीच उघडून धरायचं.

एवढ्याशा उघडण्यानं काय होतं? सरळ नळीत हवा संथ वाहत असेल, तर रुंदी पाचव्या हिश्श्यानं वाढवली की तेवढ्याच ओढीत दुपटीहून जास्त हवा येते. दीडपट केली तर पाचपट. नाक काही सरळ नळी नव्हे, पण फायदा त्याच दिशेचा. म्हणून भरल्या बंडीला चढ लागला की नाकपुड्या फेंदारतात.

काम थांबवून, सावलीत बांधून बराच वेळ झाला तरी त्या तशाच फुललेल्या असतील, तर जनावराला श्वास पुरत नाहीये. ढोरांच्या डॉक्टरला बोलवा. एकच नाकपुडी लुळी पडली असेल, तर कानाखाली आणि गालावर बघा. दोर करकचून आवळला असेल, तर त्याच्याखाली तीच नस दबलेली असू शकते.