हिवाळी कंटाळा आणि आइसलँडचे साहित्य

'माणसाला घरात कोंडून घातले की तो आपोआप लिहू लागतो' हे विधान साहित्यचर्चेत अनेकदा ऐकू येते. आइसलँडच्या हिवाळ्याचा साहित्यिक इतिहास वाचताना मला ते अपुरे वाटू लागले. कंटाळ्यातून तिथे पुष्कळ रचना झाली, हे खरे. पण कंटाळा घालवणारे लेखन आणि कंटाळ्याकडे पाहणारे लेखन यांतला फरकही तिथेच स्पष्ट दिसतो.

डिसेंबरच्या अखेरीस रेक्याविकमध्ये दिवसाचा उजेड जेमतेम चार तास टिकतो. जुन्या शेतकरी घरांत, गवताळ मातीच्या जाड भिंतींच्या आत, 'बादस्तोवा' नावाची लांबट खोली असे. भिंतींलगतच्या खाटांवरच झोपायचे, जेवायचे, काम करायचे. मालक, मुले, गडीमाणसे सारी तिथेच. संध्याकाळी दिवा लागला की 'क्वोल्दवाका', म्हणजे रात्रीचे जागरण, सुरू होई. बाकीचे लोकर पिंजत, कातत, विणत. एकजण मोठ्याने जुन्या कथा वाची किंवा 'रीमूर' गाई. शेवटी धार्मिक वाचन होऊन दिवा मालवला जाई.

रीमूर म्हणजे यमक-अनुप्रासांनी घट्ट बांधलेली दीर्घ कथाकाव्ये. चौदाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ही परंपरा चालली. ती इतकी टिकली याची तीन कारणे मला दिसतात. हात कामात गुंतलेले, पण मन मोकळे होते. श्रोते खोलीतच बसलेले होते. आणि ठरलेले छंद हाताशी असल्यामुळे शाळा न पाहिलेल्यालाही रचना करता येई. म्हणजे नुसता रिकामा वेळ पुरला नाही. त्याला श्रम, श्रोता आणि आकार यांची जोड लागली.

परंतु ज्या सोयीने रीमूर जगली, तिनेच ती साचेबंद झाली. सिगुर्दुर ब्रेदफ्योर्द (१७९८–१८४६) हा पिंपे बनवणारा कारागीर या प्रकाराचा अत्यंत लोकप्रिय कवी होता. १८३७ मध्ये योनास हाल्ग्रिमसन या तरुण कवीने 'फ्योल्निर' नियतकालिकात त्याच्या एका रीमूरवर कठोर टीका केली. अशा रचना देशाला लाज आणतात आणि लोकांची काव्यरुची बिघडवतात, असा त्याचा रोख होता. टीका निर्दय होती, तरी तिच्यामागचा प्रश्न मला रास्त वाटतो. शूर वीर आणि दूरदेशीच्या राजकन्या यांच्या कथांत रात्र सरते. पण ज्या खोलीत ती सरते, ती खोली कवितेत कुठे असते?

शंभर वर्षांनी ती खोली कादंबरीत आली. हाल्दोर लाक्सनेस (नोबेल, १९५५) यांच्या 'हेम्सल्योस' (१९३७–४०) या चार भागांच्या कादंबरीचा नायक ओलाफुर हा परक्या घरी वाढणारा मुलगा. आजारपणाने तो दीर्घकाळ अंथरुणाला खिळतो. माग्नूस नावाच्या एका गरीब लोककवीच्या रोजनिशीचा लाक्सनेसना आधार होता. गंमत अशी, की या मुलाला दिव्य दर्शन घडते ते त्याच सिगुर्दुर ब्रेदफ्योर्दचे! टीकाकाराने मोडीत काढलेला कवी एका एकाकी मुलाला जगण्याचे बळ देतो. लाक्सनेस रीमूरची थट्टा करत नाहीत. तिची भूक कुठून येते, ते ती खाट, ते छप्पर आणि ते न सरणारे दिवस दाखवून सांगतात.

इथे मराठी वाचकाला जात्यावरची ओवी आठवेल. पहाटेचा अंधार, एकसुरी श्रम, गुंतलेले हात: परिस्थिती तीच. पण आपल्या बायकांनी माहेर, सासर, भाऊ, लेक आणि विठ्ठल यांनाच शब्द दिले. दूरदेशीच्या राजकन्येपेक्षा त्यांना स्वतःचे दुःख जवळचे होते. म्हणून ती ओवी आजही शिळी वाटत नाही.

आता कंटाळ्याला उभे राहायलाच जागा उरलेली नाही. तो जाणवण्याआधीच हात फोनकडे जातो. लिहिणाऱ्याचे यात दुहेरी नुकसान आहे. वेळ तर जातोच, शिवाय आपण नेमके कशापासून पळत होतो, तेही कळत नाही. म्हणून मला वाटते, घरात अडकलेल्या लेखकाने आधी विषय शोधू नये. भाजी निवडावी, कपड्यांच्या घड्या घालाव्यात, आणि खोलीत जे आहे तिकडे पाहत राहावे. मग जे सुचेल, ते कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावे.