लॉग इन, व्हाया समुद्र!

सकाळी ऑफिसात पोहोचलं की पहिलं काम लॉग इन. निघताना शेवटचं काम लॉग आऊट. मधे किती तास राबलो, तेही टाइमशीटमध्ये लॉग करायचं! तीन वर्षं हेच चाललंय. परवा टाइमशीट भरता भरता सहज डोक्यात आलं, हा ‘लॉग’ आहे तरी कोण? डिक्शनरी उघडली तर अर्थ सरळसोट, लाकडाचा ओंडका. आता ओंडक्याचा आणि पासवर्डचा काय संबंध? उत्तर सापडलं ते थेट शिडाच्या जहाजावर.

समुद्रात मैलाचे दगड नसतात. मग जहाजाचा वेग कळणार कसा? खलाशांनी भन्नाट युक्ती काढली. लाकडाची फळी दोरीला बांधायची आणि जहाजाच्या मागून पाण्यात टाकायची. फळी पाण्यात जागच्या जागी राहते, जहाज पुढे जातं आणि रिळावरची दोरी सुटत जाते. ही फळी म्हणजेच ‘लॉग’! विल्यम बोर्न या इंग्रजाने १५७४ च्या पुस्तकात ही पद्धत दिलीय. पुढे दोरीला गाठी आल्या. हिशेब बघा. दर ४७ फूट ३ इंचांवर एक गाठ आणि हातात २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ. तेवढ्या वेळात पाच गाठी सुटल्या तर वेग पाच ‘नॉट’, म्हणजे ताशी पाच सागरी मैल. (एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा.) तेव्हा ‘ताशी पाच नॉट’ म्हणू नका, ‘ताशी’ त्यात आलंच!

हे आकडे उतरवायची वही ती लॉगबुक. १९६० च्या दशकात एमआयटीमध्ये एकच कॉम्प्युटर अनेकजण वापरू लागले. त्या सीटीएसएस सिस्टिममध्ये ‘लॉगिन’ ही कमांड होती. १९९७ मध्ये ‘वेबलॉग’ हा शब्द आला, १९९९ मध्ये त्याचा ‘ब्लॉग’ झाला. ओंडका कधीच गेला, नाव मात्र तरंगत राहिलं.

पण खरी गोम पुढेच आहे. लॉग फक्त पाण्याच्या तुलनेतला वेग सांगतो. अख्खा प्रवाहच भलतीकडे चालला असेल, तर फळीही त्याच्याबरोबर वाहते आणि वहीतला आकडा झक्कास दिसतो! वेग, दिशा आणि वेळ यांवरून जागेचा नुसता अंदाज बांधायचा. तो चुकला तर? २२ ऑक्टोबर १७०७ च्या रात्री ॲडमिरल क्लाउड्स्ली शॉव्हेलच्या ताफ्याला आपण नेमके कुठे आहोत हे कळलं नाही. इंग्लंडजवळच्या सिली बेटांच्या खडकांवर चार जहाजं फुटली, चौदाशेहून जास्त माणसं गेली. लॉगबुकं रोज भरली जात होती, बरं का! शेवटी १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने समुद्रात रेखांश शोधण्याच्या पद्धतीसाठी २० हजार पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं.

हे वाचलं आणि पुन्हा टाइमशीट उघडली. तीन वर्षांचे रकाने भरलेले, एकही दिवस चुकलेला नाही. पण जे काम करायला इथे आले, त्याच्या जवळ पोहोचले की लांब वाहत गेले? त्याचा कॉलमच नाही! म्हणून हल्ली शुक्रवारी लॉग आऊट करण्याआधी पाच मिनिटं थांबते आणि स्वतःला विचारते, मॅडम, वेग राहू दे, तू आहेस कुठे?